कुटुंबनियोजनाच्या समुपदेशन-साहित्याचे रूपांतर : 'नको' म्हणण्यापुरती जागा

मराठी घरांत 'तिनं फॅमिली प्लॅनिंग केलं' असे म्हटले की ऐकणाऱ्याला पुढे काही विचारावे लागत नाही. बाईची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली, एवढाच त्याचा अर्थ. गोळ्या घेणारी, तांबी बसवून घेतलेली किंवा दोन मुलांत अंतर ठेवणारी बाई 'प्लॅनिंग केलेली' समजली जात नाही. शासकीय परिभाषेत कुटुंबनियोजन हे सर्व पद्धतींचे मिळून नाव आहे; लोकव्यवहारात ते एकाच पद्धतीचे झाले आहे. याला लोकांचे अज्ञान म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती; पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के होते. जे घडत आले तेच शब्दाने टिपून ठेवले आहे.

समुपदेशनाचे साहित्य मराठीत आणणाऱ्याची पहिली अडचण येथेच सुरू होते. आरोग्यसेविकेने पहिल्या पानावरचा मजकूर वाचून 'कुटुंबनियोजनाबद्दल बोलायचं आहे का?' असे विचारले, तर समोरच्या बाईच्या कानी 'ऑपरेशन करायचं आहे का?' हा प्रश्न पडतो. भाषांतर कोशाप्रमाणे अचूक असते, आणि संवाद मात्र पहिल्याच वाक्याला चुकलेला असतो. सहा महिन्यांच्या बाळाला मांडीवर घेऊन आलेली, 'आणखी एक हवं, पण एवढ्यात नको' एवढेच सांगू पाहणारी बाई त्या प्रश्नाला घाबरून उठून जाते, किंवा मान डोलावते. दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे.

या प्रकारच्या साहित्यात जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे सार्वजनिक आरोग्य विद्यालय यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेले निर्णय-साहाय्य साधन विशेष अभ्यासण्याजोगे आहे. हा टेबलावर उभा राहणारा फ्लिपचार्ट आहे. त्याची एक बाजू विचारायला आलेल्या व्यक्तीकडे, दुसरी सेविकेकडे. पहिल्या बाजूला चित्र आणि मोजका मजकूर; दुसऱ्या बाजूला काय विचारायचे, काय सांगायचे आणि कोणत्या उत्तरानंतर कोणत्या पानावर जायचे, हे दिलेले. प्रथमच पद्धत निवडायला आलेल्यांची वाट वेगळी. लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजारांपासूनही संरक्षण हवे असलेल्यांची वेगळी. बाळंतीण, गर्भपातानंतर आलेली स्त्री, कमी वयाची मुलगी यांची वेगळी. आणि वापरत असलेल्या पद्धतीचा त्रास होतो म्हणून परत आलेल्यांची वेगळी. हे साधन जसेच्या तसे वापरण्यासाठी नव्हे, तर प्रत्येक देशाने आपल्यापुरते बदलून घेण्यासाठी केलेले आहे, आणि रूपांतर कसे करावे याचे मार्गदर्शनही त्यासोबत आहे. मेक्सिको व निकाराग्वा येथे त्याच्या वापराची पाहणीही झाली.

या साधनाचा पाया एकाच तत्त्वावर आहे : निर्णय आलेल्या व्यक्तीचा, सेविकेचे काम त्याला मदत करण्याचे. पुढचे पान कोणते उघडायचे हे सेविकेच्या यादीने ठरत नाही, बाईच्या उत्तराने ठरते. हे तत्त्व मराठीत आणि उर्दूत उतरताना त्याचे काय होते, हा प्रस्तुत परीक्षणाचा विषय आहे.

प्रथम 'समुपदेशन' हाच शब्द घ्यावा. परिभाषा घडवणाऱ्यांनी 'उपदेश' या शब्दाला 'सम्' जोडून तो तयार केला. पण उपसर्गाने उपदेश काही गेला नाही. सांगणारा वर, ऐकणारा खाली, ही रचना शब्दात कायम राहिली. याउलट मराठीच्या वापरातला जुना शब्द 'सल्लामसलत' हा आहे. त्यातला 'सल्ला' अरबी 'सलाह'पासून आणि 'मसलत' ही 'मस्लहत'पासून आलेली. मसलत एकट्याने होत नाही, तिला दोघे लागतात. उर्दूतील 'मशविरा' याच गुणाचा आहे, 'नसीहत' नव्हे. शासकीय फॉर्मवर समुपदेशन हा शब्द आता रुजला आहे आणि तो बदलण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. मात्र सेविकेच्या बाजूच्या मजकुरात 'समुपदेशन करावे' ऐवजी 'तिच्याशी बोलावे, तिला काय वाटते ते विचारावे' असे लिहायला कोणाची हरकत नसावी. 'लाभार्थी' या शब्दाबद्दलही हेच म्हणता येईल. जिने अजून काही घेतलेलेच नाही, घ्यायचे की नाही हेच जी ठरवते आहे, तिला आधीच लाभ झाल्याचे गृहीत धरणारा हा शब्द आहे. त्याच्याही आधीचा शब्द होता 'केस'. 'किती केसेस झाल्या?' हा प्रश्न ज्यांनी ऐकला आहे ते अध्यापक आज सेवानिवृत्त झालेले असतील.

त्यांचा उल्लेख येथे सहज केलेला नाही. भारताने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याच्याही तीस-एक वर्षे आधी रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले होते आणि १९२३ मध्ये या विषयावर मराठीत पुस्तक लिहिले होते. कर्वे वाचकाला माहिती देऊन मोकळे होत. त्याने काय करायचे ते त्याच्यावर सोडत. शासनाच्या हाती विषय आल्यावर भाषा भिंतीवरची झाली. लाल त्रिकोण आला, 'हम दो हमारे दो' आले. भिंतीवरच्या वाक्याला उत्तर देता येत नाही. ते वाचून पुढे जायचे असते. आणीबाणीत हीच भाषा हुकमाची झाली. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांच्या माथी उद्दिष्टे मारली गेली. १९७७ मध्ये खात्याचे नाव बदलून 'कुटुंब कल्याण' झाले आणि १९९६ मध्ये पद्धतवार उद्दिष्टे देणे केंद्राने थांबवले. तरीही नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडातील बिलासपूर जिल्ह्यात शिबिरांतील शस्त्रक्रियांनंतर डझनाहून अधिक स्त्रिया दगावल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये देविका बिस्वास खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शिबिरे तीन वर्षांत बंद करावीत असे सांगितलेच. शिवाय शस्त्रक्रियेचे परिणाम त्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत सांगावेत आणि मन बदलण्यासाठी सुमारे तासभर अवधी द्यावा, असेही म्हटले. 'समजणारी भाषा' ही त्यामुळे केवळ शैलीची बाब राहिलेली नाही.

मराठीत या भाषेचा प्रश्न मुख्यतः क्रियापदाचा आहे. 'दोन मुलांनंतर शस्त्रक्रिया करून घ्या' हे आज्ञार्थी वाक्य पुसून रूपांतरकार बहुधा 'शस्त्रक्रिया करून घ्यावी' असे विध्यर्थी वाक्य लिहितो आणि भाषा सौम्य झाली असे मानतो. वस्तुतः कचेरीच्या मराठीत 'करावे' म्हणजे 'कराच'. 'अर्ज तीन प्रतींत सादर करावा' या वाक्यात कोणाला निवड दिसते? 'करता येते', 'चालू शकते', 'तुम्हाला जमेल असं वाटतं का?' ही खरी निवडीची क्रियापदे. 'यापुढे मूल नकोच असं तुम्ही दोघांनी ठरवलं असेल तर ही पद्धत आहे. नंतर मन बदललं तर हिचं काही करता येईल असं धरून चालू नका' या दोन वाक्यांत माहिती पहिल्याइतकीच आहे, किंबहुना जास्त आहे. पण ठरवणारे कोण हे वाक्याच्या रचनेतच ठरून गेले आहे. ही वाक्ये सेविकेच्या बाजूला बोलीतच छापलेली असावीत. प्रमाणभाषेत छापून 'स्थानिक बोलीत सांगावे' अशी कंसातली सूचना देणे म्हणजे रूपांतराचे काम, ज्याला वेळ नाही अशा माणसावर ढकलणे आहे.

संबोधनाचाही विचार व्हायला हवा. छापील मजकुरात 'आपण' असते, प्रत्यक्षात सेविका वयाने लहान बाईला 'तू' म्हणते आणि त्यात अनादर नसतो. मुस्लिम वस्तीत तीच सेविका 'आपा' म्हणून सुरुवात करते. 'आपण'ने सुरू होणारे वाक्य तिच्या तोंडी बसत नाही, म्हणून ती ते टाळते, आणि त्याबरोबर त्यातली माहितीही टाळली जाते.

उर्दूत आणि दख्खनीत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. बेळगाव भागातील एखाद्या आरोग्य केंद्रात साहित्य कन्नडमध्ये येते, आशा कार्यकर्ती मराठी बोलते आणि समोरची बाई घरी दख्खनी बोलते. हैदराबादेत कन्नडच्या जागी तेलुगू असते, गोव्यात कोकणी. उर्दू साहित्य मागवले तर ते बहुधा उत्तरेकडच्या उर्दूत असते आणि त्यातील परिभाषा मराठी कानाला भलतेच काही सांगते. 'ख़ानदानी मन्सूबाबंदी' हा कुटुंबनियोजनासाठीचा प्रचलित उर्दू शब्द. मराठीत 'खानदानी' म्हणजे घरंदाज, 'मनसुबा' म्हणजे बेत, आणि बहुतेक वेळा वाईट बेत, शेवटी 'बंदी'. 'ज़ब्ते तौलीद' या शब्दातील 'ज़ब्त' म्हणजे संयम, नियंत्रण. पण त्याच अरबी शब्दाचे मराठी रूप 'जप्त' आहे, आणि ऐकणाऱ्याला जप्ती आठवते. मौलाना मौदूदी यांनी विरोधी भूमिकेतून लिहिलेल्या पुस्तकाचे नाव 'इस्लाम और ज़ब्ते विलादत' आहे. विरोधकाला सोयीचा तो शब्द मदत करणाऱ्याने का उचलावा? 'दो बच्चों में फ़ासला' हे सर्वांना कळते. मराठीतही 'पाळणा लांबवणे' हा वाक्प्रयोग शासकीय प्रचारातून येऊनही लोकांनी स्वीकारला, कारण त्यात काही बंद होत नाही.

दख्खनीने या साहित्याला देण्याजोगी एक फार मोलाची गोष्ट जपली आहे. प्रमाण उर्दूत 'चाहिए' म्हणतात तेथे दख्खनीत 'होना' म्हणतात. 'मेरेकू पानी होना' म्हणजे मला पाणी हवे. नकारासाठी तिने मराठीकडून सरळ 'नको' उचलला आहे. त्यामुळे फ्लिपचार्टच्या पहिल्या पानाचा सगळा प्रश्न दख्खनीत एका दमात विचारता येतो : 'दुसरा बच्चा अब्बीच होना, का थोडा ठैर के होना, का नको?' तीन उत्तरे, तिन्ही सारख्याच वजनाची, आणि शेवटचे उत्तर देताना बाईला कोणाचा मान मोडल्यासारखे वाटत नाही.  कोणतेही रूपांतर तपासताना एवढेच पाहावे की प्रत्येक पानावर 'नको' म्हणायला जागा आहे का. ती नसेल तर चित्रे, कागद, रंग कितीही उत्तम असोत, ते भिंतीवरचे पोस्टर टेबलावर आणून ठेवलेले आहे.

दुष्परिणामांच्या पानाकडे रूपांतरकारांचे सर्वांत कमी लक्ष असते, आणि पद्धत मध्येच सोडून देण्याची कारणे मुख्यतः त्याच पानावर असतात. तांबी बसवल्यावर पहिले काही महिने पाळी जास्त जाते, जास्त दिवस राहते. २०१७ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमात आलेल्या 'अंतरा' या तिमाही इंजेक्शनाने सुरुवातीला अवेळी रक्तस्राव होतो आणि पुढे पाळी थांबूही शकते. वैद्यकीयदृष्ट्या यात बहुधा धोका नसतो, म्हणून साहित्यात 'घाबरू नये' असे एक वाक्य असते. पण बाई घाबरलेली नसतेच. तिचा प्रश्न निराळा असतो. थोडेसे डाग आठ-आठ दिवस दिसत राहिले तर नमाज पढायची की नाही, रमजानमध्ये रोजा धरायचा की नाही, आणि शेजारच्या हिंदू बाईच्या बाबतीत, देवापाशी जायचे की नाही. फिक्हमध्ये हैज़ म्हणजे पाळी आणि इस्तिहाज़ा म्हणजे पाळीबाहेरचा रक्तस्राव असा भेद आहे आणि दुसऱ्यात नमाज सुटत नाही. हनफ़ी मतानुसार हैज़ची मर्यादा कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त दहा दिवस. शाफ़ई मतानुसार एक ते पंधरा दिवस. दख्खनेतील बहुसंख्य मुसलमान हनफ़ी, कोकणी मुसलमान शाफ़ई. आकडा छापला तर एकाचा बरोबर आणि दुसऱ्याचा चूक होईल. म्हणून आकडा न छापता सेविकेच्या बाजूला एवढेच असावे : 'असे डाग दिसले तर घरात, नमाज-रोज्यात, पूजेत काही अडेल का, हे तिला आधी विचारा. अडणार असेल तर दुसऱ्या पद्धतीचे पान दाखवा.' पाळी थांबण्याबाबत तर 'विटाळ अंगात साचतो' ही समजूत सर्व समाजांत आहे. तेथे 'काही होत नाही' एवढे पुरत नाही. इंजेक्शनामुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होत नाही, म्हणून बाहेर पडण्याजोगे रक्त तयारच होत नाही आणि साचायलाही काही उरत नाही, असे सांगावे लागते. 'रोज ठराविक वेळी एक गोळी' या वाक्याचेही तसेच आहे. वेळ दुपारची ठरवली असेल तर रमजानच्या पहिल्याच दिवशी ती चुकते. रात्री जेवणानंतरची ठरवली तर महिना बदलला तरी बिघडत नाही. एका ओळीचे काम आहे, पण ती ओळ इंग्रजी मुळात असणे शक्य नव्हते.

या ठिकाणी एक इशारा द्यायला हवा. मुस्लिम वाचकांसाठी काढलेल्या काही पुस्तिकांत पहिलेच पान धार्मिक आधारांचे असते : अज़लसंबंधीची हदीस, इमाम ग़ज़ाली यांनी 'इह्या'मध्ये केलेली चर्चा, दोन वर्षे दूध पाजण्यासंबंधी सूरह बक़रामधील उल्लेख. हे आधार खरे आहेत आणि अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. पण ते पहिल्या पानावर आले की पुस्तिका वाद जिंकायला निघते. बाईने विचारलेच नाही त्या प्रश्नाचे उत्तर तिला मिळते आणि 'आता धर्मही परवानगी देतो, मग तुझी हरकत कशाला' असा दाब त्यातून तयार होतो. शिवाय तात्पुरत्या पद्धती आणि कायमची शस्त्रक्रिया यांत अनेक उलेमा फरक करतात. सरसकट 'जायज़' छापणे अप्रामाणिकपणाचे ठरते. हा प्रश्न येईल तेव्हा त्याला सामोरे जायची तयारी सेविकेची असावी. तिने फतवा देऊ नये, आणि साहित्यानेही देऊ नये.

चित्रांच्या बाबतीत रूपांतर म्हणजे बहुधा कपडे बदलणे असते. साडी-कुंकवाच्या जागी बुरखा काढला की साहित्य 'मुस्लिम समाजासाठी' तयार झाले. यात दुहेरी दोष आहे. एक तर दवाखान्याच्या आत, दुसऱ्या बाईसमोर बसलेली स्त्री अशी बसत नाही. दुसरे म्हणजे मुसलमानांच्या लोकसंख्येवरून ज्या प्रकारची राजकीय भाषणे होत असतात, त्या वातावरणात बुरख्याचे चित्र असलेला फ्लिपचार्ट 'हे तुमच्यासाठी, खास' असे सांगतो. सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत (१९९२-९३) मुस्लिम स्त्रियांचा एकूण जननदर ४.४ होता, तो पाचव्या फेरीत २.३६ वर आला. हा उतार भाषणांनी आलेला नाही. शाळा, शहर, उत्पन्न आणि उपलब्ध साधने यांनी तो घडवला. चित्रात ओढणी घेतलेली, कपाळ कोरे असलेली, हातात बांगड्या असलेली बाई असावी. ती कोणाच्याही घरची वाटते. पुरुषाचे चित्र मात्र हवेच. पत्नीच्या शेजारी बसून तोही ऐकतो आहे, असे. नसबंदीच्या पानावर फक्त बाई काढलेली असेल तर ०.३ टक्क्यांचा आकडा पुढच्या पिढीलाही मिळेल.

छपाई हा या विषयाचा दुय्यम भाग समजला जातो, पण पुष्कळसे रूपांतर प्रेसमध्येच बिघडते. टेबलावरच्या फ्लिपचार्टमध्ये पान उलटले की बाईला पुढचे पान दिसते आणि सेविकेला नुकत्याच उलटलेल्या पानाची मागची बाजू. म्हणजे बाईच्या पाचव्या पानाचा सेविकेसाठीचा मजकूर चौथ्या पानाच्या पाठीवर छापावा लागतो. डीटीपी करणाऱ्याला हे सांगितले नाही तर तो सरळ पाठपोट लावतो, आणि बाई तांबीचे चित्र पाहत असताना सेविका गोळ्यांची माहिती वाचू लागते. दोन्ही बाजूंचा माथा स्पायरलकडे हवा, नाही तर मागचा मजकूर उलटा येतो. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते आणि समोरच्याला चित्राऐवजी उजेड दिसतो. मॅट लॅमिनेशन बरे. रंगीत प्रती कमी पडल्या की झेरॉक्स निघतात, तेव्हा रंगांवर अवलंबून असलेल्या खुणा नाहीशा होतात. म्हणून प्रत्येक पद्धतीला रंगाबरोबर एक आकारही द्यावा.

उर्दू आवृत्ती काढताना दिशेचा प्रश्न येतो. निरोध कसा वापरायचा, गोळ्यांचे पाकीट कोठून सुरू करायचे, ही चित्रे डावीकडून उजवीकडे एक-दोन-तीन अशी लावलेली असतात. उर्दू वाचणारी स्त्री उजवीकडून सुरुवात करते आणि शेवटची कृती तिला पहिली वाटते. चित्रांचा क्रम फिरवावा लागतो. घाईत पूर्ण पान आरशासारखे उलटवले तर क्रम सुधारतो, पण पाकिटावरची अक्षरे आणि बाणही उलटतात. मग पाकिटावर एक दिशा आणि चित्रात दुसरी. नस्तालीक़ अक्षरे तिरकी उतरत असल्याने ओळींत अंतर जास्त लागते, मजकूर वाढतो, आणि जागा वाचवायला काटले जाते ते नेमके दुष्परिणामांचे पान. मराठीतही जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे तुटतात आणि 'दुसऱ्या', 'नवऱ्याला' यांतील अर्धा र हमखास बिघडतो. मुद्रितशोधन भाषेच्या अध्यापकाकडून करून घेतले तर यातले बरेच टळेल.

कोणती पाने ठेवायची आणि कोणती काढायची, हा तर निवडीचाच प्रश्न आहे. देशात न मिळणाऱ्या पद्धतींची पाने गाळणे योग्यच. पण 'आमच्याकडे कोणी करत नाही' म्हणून पुरुष नसबंदीचे पान गाळले, तर बाईच्या वतीने निर्णय छापखान्यातच झाला. उलट काही पाने नव्याने घालावी लागतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली, 'अंतरा'बरोबरच राष्ट्रीय कार्यक्रमात आलेली 'छाया' ही हार्मोनविरहित गोळी जागतिक संघटनेच्या मूळ साधनात नव्हती. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची असते. उर्दू साहित्यात हे 'हफ़्ते में दो बार' असे छापले की अडचण उभी राहते. 'हफ़्ता' म्हणजे आठवडा आणि 'हफ़्ता' म्हणजे शनिवारही. वारांची नावे तर घरोघरी वेगळी : सोमवार कोठे 'पीर', शुक्रवार 'जुम्मा'. सोपा उपाय म्हणजे पानावर सात चौकोन छापावेत आणि पहिली गोळी घेतली त्या वारावर आणि दुसरीच्या वारावर सेविकेने तिच्यासमोर खूण करावी.

वैद्यकीय माहितीही स्थिर नसते. कोणती पद्धत कोणाला चालते याचे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष १९९६ पासून आवृत्त्यांगणिक सुधारत आले. स्तनपान देणाऱ्या बाईला बाळंतपणानंतर सहा आठवड्यांच्या आत केवळ प्रोजेस्टिनची गोळी सहसा देऊ नये, असे आधीच्या आवृत्त्यांत होते. २०१५ च्या पाचव्या आवृत्तीत ती सामान्यतः चालेल असे झाले, तिमाही इंजेक्शनाबाबतची सावधगिरी मात्र कायम राहिली. स्पायरलमध्ये घट्ट बांधलेल्या फ्लिपचार्टमधले असे एक पान बदलता येत नाही. म्हणून पाने काढता-घालता येतील अशी बांधणी करावी, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात महिना-वर्ष छापावे. 'सुधारित आवृत्ती' या शब्दांवरून काहीच कळत नाही.

मूळ साधनाचीही एक मर्यादा नोंदवायला हवी. दोन खुर्च्या, मध्ये टेबल, दार लावलेले आणि हाताशी वेळ, हे त्याने गृहीत धरले आहे. आपल्याकडे व्हरांड्यात पंधरा बायका रांगेत असतात आणि सासू शेजारी बसलेली असते. आशा कार्यकर्ती तर घरी जाते. एवढा जड फ्लिपचार्ट पिशवीत घेऊन ती गल्लीतून फिरणार नाही, आणि फिरली तर कोणाच्या घरी कशासाठी गेली हे सगळ्यांना कळेल. तिच्यासाठी तळहाताएवढ्या पत्त्यांचा संच निराळा काढावा लागेल, ज्यातील नको असलेला पत्ता बाई स्वतः बाजूला ठेवू शकेल.

छपाईपूर्वीची चाचणी नेहमी होते आणि तिच्या तक्त्यात 'समजले : होय/नाही' असा रकाना असतो. त्याने फारसे काही हाती लागत नाही, कारण सेविकेसमोर बसलेली बाई 'होय'च म्हणते. महाविद्यालयांतील मराठी-उर्दूचे विद्यार्थी या चाचणीला उपयोगी पडू शकतात. पान दाखवून झाल्यावर ते झाकावे आणि बाईला तिच्या शब्दांत आपल्या बहिणीला सांगायला लावावे. ती कोणता शब्द वापरते, कोणता गाळते, कोठे अडखळते हे जसेच्या तसे, तिच्या बोलीत लिहून घ्यावे. आणि तक्त्यात एक रकाना वेगळा आखावा : तिने स्वतःहून कोणता प्रश्न विचारला. तो रकाना ज्या पानासमोर कोरा राहील, ते पान प्रेसला जाण्याआधी पुन्हा लिहावे.